स्टोव्हची पिन आणि बर्फाचं यंत्र

परवा पुण्याहून वन्संचा फोन आला होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही तिकडे बर्फ उडवता म्हणे. म्हणजे नेमकं काय करता हो?" मी सांगायला लागले आणि पाचव्या मिनिटाला वन्सं म्हणाल्या, "जाऊ दे, तुम्ही लिहाच त्यावर काहीतरी." तेव्हा हा लेख त्यांच्यासाठी. बाकीच्या मंडळींनी वाचला तर आनंदच आहे.

तर स्नो ब्लोअर. आमच्याकडे आहे तो अगदी साधा, स्वस्तातला, जुना घेतलेला. त्याच्या बाजूने मला बोलायचं आहे. कारण आमच्या गल्लीत त्याची थट्टा होते आणि घरातही दर नोव्हेंबरात "आई, या वर्षी मोठं मशीन घेऊन टाकू" असा ठराव मांडला जातो. दर वर्षी मी तो हाणून पाडते.

आधी गावाविषयी. मुलगा राहतो ते रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने पाच-सहा तास लांब. उत्तरेला ऑन्टॅरिओ सरोवर. हे सरोवर खोल असल्यामुळे थंडीत सहसा पूर्ण गोठत नाही. कॅनडाकडून येणारे कोरडे, गार वारे त्याच्यावरून जाताना वाफ उचलतात आणि दक्षिण काठावर आले की बर्फ करून टाकून देतात. वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास. त्यातही गंमत अशी की हा बर्फ पट्ट्यापट्ट्याने पडतो. आमच्या दारात फूटभर असतो आणि दहा मैलांवरच्या मैत्रिणीकडे ऊन पडलेलं असतं. सातारकरांना हे नवीन नाही. महाबळेश्वरात धो धो पाऊस कोसळत असताना खाली वाईत छत्री मिटून हिंडता येतंच की. या भागातल्या शहरांमध्ये सर्वात जास्त बर्फ कुणाकडे पडला याची दर वर्षी चुरस असते, तिला 'गोल्डन स्नोबॉल' म्हणतात. बहुतेक वेळा सिरॅक्यूस जिंकतं. जिंकू दे बापडं.

आता हा बर्फ दारात पडला की तो काढणं घरमालकाचं काम. रस्ता नगरपालिकेचे प्लाऊ साफ करतात, पण गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे आपला. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण गणिताचे शिक्षक रजेवर गेले की तो तासही माझ्याच गळ्यात पडायचा. म्हणून एक हिशेब सांगते. आमचा ड्राइव्हवे सहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब, म्हणजे नव्वद चौरस मीटर. त्यावर पंचवीस सेंटिमीटर बर्फ पडला. ताजा बर्फ साधारण पाण्याच्या एक दशांश वजनाचा धरतात. म्हणजे अडीच सेंटिमीटर पाणी. नव्वदला गुणा : सव्वादोन घनमीटर, म्हणजेच सव्वादोन टन! फावड्यात एका वेळी चार किलो उचलले तरी साडेपाचशेच्या वर फावडी. आणि हा भुसभुशीत बर्फाचा हिशेब झाला. ओला बर्फ याच्या दुप्पट-तिप्पट जड असतो.

हा हिशेब मी जानेवारी २०१९ नंतर केला. आधी केला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सकाळी चिरंजीव फावडं घेऊन बाहेर गेले. वय सेहेचाळीस, दिवसभर खुर्चीत बसून काम. मी खिडकीतून बघत होते. अर्धा ड्राइव्हवे झाला आणि तो फावड्यावर रेलून उभा राहिला. मला वाटलं, दमला. चहा टाकायला आत गेले. चहा उकळून झाला तरी तो तसाच उभा! सूनबाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिने त्याचा चेहरा बघितला आणि एक शब्द न बोलता फोन लावला. दोन स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाले, दर हिवाळ्यात अशी माणसं येतात. गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात, हाताच्या कामाने रक्तदाब एकदम चढतो, आणि जोर लावताना माणूस श्वास रोखून धरतो. फावडं यापुढे बंद.

तो हिवाळा आम्ही एका कंत्राटदाराला पैसे देऊन काढला. त्याचा ट्रक यायचा सकाळी दहाला. सूनबाई कामाला निघते सहाला. म्हणजे बर्फ तसाच तुडवत, घसरत तिला जावं लागे. मग २०१९ च्या नोव्हेंबरात समोरचं एक कुटुंब घर विकून फ्लोरिडाला निघालं. फ्लोरिडात बर्फाचं यंत्र काय कामाचं? दीडशे डॉलरला देऊन टाकलं त्यांनी. नवीन असं यंत्र पाच-सहाशेच्या पुढेच.

वन्सं, यंत्र कसं ते सांगते. गवत कापायच्या यंत्राएवढं, चाळीसेक किलोचं. पुढे एकवीस इंच रुंद तोंड. त्यात रबरी पाती असलेली आडवी फिरकी. ती गरागरा फिरते, जमिनीला घासते, बर्फ खरवडते आणि वरच्या तोंडातून भिरकावून देते. त्या तोंडाला मी धुराडं म्हणते. ते वळवून बर्फ कुठे टाकायचा ते ठरवायचं. (शेजाऱ्याच्या अंगणात टाकायचा नाही, रस्त्यावर टाकायला तर कायद्याने मनाई.) एकाच फिरकीने सगळं काम होतं म्हणून याला 'सिंगल स्टेज' म्हणतात. मोठ्या 'टू स्टेज' यंत्रात लोखंडी फिरकी बर्फ फोडून मागे ढकलते आणि मागचा पंखा तो लांब फेकतो. त्याची चाकंही इंजिनावर चालतात. दोन-अडीच फूट बर्फ असेल, खडीचा रस्ता असेल, चढ असेल, तर ते हवंच. आमच्यासारखं रबरी पात्यांचं यंत्र खडीवर चालवलं तर बर्फाबरोबर दगडही उडतील.

या यंत्राचा मूळ शोध क्यूबेकमधल्या आर्थर सिकार या गृहस्थाने १९२५ साली लावला. ते होतं ट्रकवर बसवायचं धूड. १९२७ मध्ये त्याने ते मॉन्ट्रियलजवळच्या ऊत्रमाँ गावाला विकलं. घरगुती यंत्रं त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी आली. म्हणजे माझ्याच वयाची म्हणा ना!

आता माझं मत. सपाट, डांबरी, दोन मोटारींचा ड्राइव्हवे असेल तर लहान यंत्र पुरतं. एका दिवसात दोन फूट बर्फ वर्षातून फार तर एकदा पडतो, आणि तेव्हा शाळा-कचेऱ्या बंदच असतात. त्या एका दिवसासाठी शंभर किलोचं यंत्र गॅरेजमध्ये पोसायचं का? शिवाय जोराचा बर्फ पडत असेल तर पडून संपायची वाट न बघता मध्येच एक फेरी मारायची. चार इंच असताना काढायचा, परत चार इंच झाला की परत. मोठं यंत्र असणारे शेजारी झोपलेले असतात तेव्हा आमच्या दोन फेऱ्या झालेल्या असतात. लहान यंत्राला मालकाची झोप लागते, हे मात्र कबूल.

पण स्वस्त यंत्राबद्दल जो सूर ऐकू येतो, "दोन वर्षं चालेल आणि मरेल," तो मला मान्य नाही. ही यंत्रं बर्फाने मरत नाहीत. ती उन्हाळ्यात मरतात.

डिसेंबर २०२० मध्ये आमचं यंत्र असंच "मेलं". सुरू व्हायचं, दोन मिनिटं चालायचं, मग आवाज वर जायचा, खाली यायचा, वर, खाली, आणि बंद. चोक ओढून ठेवला तरच चालायचं. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला तर तीन आठवडे थांबा म्हणाले आणि खर्च सांगितला एकशे वीस डॉलर. चिरंजीव म्हणाले, "आई, दीडशेच्या मशीनला एकशे वीस? टाकून देऊ."

मी तो वर-खाली होणारा आवाज ऐकत होते. तो माझ्या ओळखीचा होता. आमच्या लग्नानंतर साताऱ्याला दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं, तेव्हा गॅसला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पंपाचा स्टोव्ह होता. बर्नरच्या भोकात कचरा अडकला की ज्योत अशीच भकभक करायची, वर, खाली, आणि विझायची. मग पत्र्याच्या पट्टीला तार लावलेली पिन घ्यायची आणि भोकात अलगद घालायची. पाच पैशांना की दहा पैशांना मिळायची ती पिन. रॉकेल असो की पेट्रोल, बारीक भोकातून यायचं असेल तर भोक मोकळं पाहिजे. यात इंजिनियरिंगची पदवी कुठे आली?

मी म्हटलं, "याचं भोक कुठंय ते मला दाखव." त्याने व्हिडिओ शोधला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बॅटरी. मी पाना धरला. कार्ब्युरेटरच्या खाली एक वाटी असते, एका बोल्टने धरलेली. ती काढली तर तळाशी हिरवट, चिकट साका. जुन्या तुपाच्या बरणीत राहतो तसा. आणि वर पितळेचं लहानसं जेट, त्याला केसाएवढं भोक, ते बुजलेलं. स्टीलची तार घातली तर पितळ चरतं, म्हणून विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एक काडी सोलून घेतली. स्वच्छ करायचा फवारा नऊ डॉलरला मिळाला. वाटी परत लावली, पेट्रोल नवीन घातलं, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला यंत्र लागलं आणि लागलं ते लागलंच. चिरंजीव माझ्याकडे असे बघत होते जसं काही मी आयुष्यभर हे त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं.

तो साका आला कुठून? इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. (तिकडे आता वीस टक्के झालं आणि २०२५ मध्ये त्यावरून तुमच्याकडे बरीच आरडाओरड झाली, ती मी वाचली.) इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन् महिने पेट्रोल वाटीत पडून राहिलं की हलका भाग उडून जातो आणि चिकटा उरतो. आधीच्या मालकांनी आणि मग आम्हीही, एप्रिलमध्ये यंत्र कोपऱ्यात ढकललं आणि नोव्हेंबरात बाहेर काढलं. सात महिने! मनुष्यप्राण्याच्या पोटात सात महिने शिळं अन्न ठेवलं तर तो तरी उठेल का?

तेव्हापासून एप्रिलचं काम माझं. शेवटचा बर्फ वितळला की पेट्रोलचा कॉक बंद करते आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू देते, म्हणजे वाटी कोरडी होते. टाकीत उरलेलं काढून मोटारीत घालते. तेल बदलते. आमचं यंत्र फोर स्ट्रोक, तेल वेगळं. जुनी पुष्कळ यंत्रं टू स्ट्रोक होती, त्यांत पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे, आमच्या ह्यांच्या स्कूटरसारखं. प्लग काढून बघते. काळा असेल तर घासते. रबरी पाती झिजली का ते बघते; २०२३ मध्ये नवीन घातली तर यंत्र अगदी तरुण झालं. हिवाळ्यात पेट्रोल थोडंथोडंच आणते आणि डब्यावर खडूने तारीख घालते. महिना झाला की ते मोटारीला. धुराड्याला आतून खाद्यतेलाचा बोळा फिरवते, इडलीपात्राला लावतो तसा, म्हणजे ओला बर्फ चिकटत नाही. सगळं मिळून एका दुपारचं काम. खर्च वीस-बावीस डॉलर.

आणि इंजिन गॅरेजच्या आत चालू करायचं नाही, दार उघडं असलं तरी नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हा तोच वायू.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई स्वतःची आरती ओवाळतेय. तर पुढचंही लिहिते.

यंत्राच्या दांड्याला एक आडवी कडी असते. ती दांड्याला दाबून धरली की फिरकी फिरते, सोडली की काही क्षणांत थांबते. माझ्या उजव्या अंगठ्याला संधिवात. वीस मिनिटं कडी दाबून धरली की रात्रभर हात ठणकतो. म्हणून मी काय केलं, तर कडी सुतळीने दांड्याला बांधून टाकली. वर मनातल्या मनात कौतुकही केलं, बघा, आम्ही कसे युक्तीबाज! बांधलेली कडी घेऊन मी दीड महिना यंत्र चालवलं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पहाटे पाचला बघायला उठणार कोण?

फेब्रुवारी २०२२. त्या दिवशी उशीर झाला होता, सात वाजले होते. नात शाळेच्या बससाठी धावत निघाली. तेव्हा ती नऊ वर्षांची. तिचा एक मोजा, म्हणजे हातमोजा, माझ्या समोर पडला आणि ती तो उचलायला वाकली. मी कडी सोडली. हात सोडले म्हणजे यंत्र थांबतं, हेच शरीराला माहीत होतं. यंत्र थांबलं नाही. रबरी पाती जमिनीला धरून ते स्वतःच इंचाइंचाने पुढे सरकत होतं. मी ओरडले ते तिला ऐकूच गेलं नाही, कानावर टोपी, त्यात इंजिनाचा आवाज. मी सगळं अंग दांड्यावर टाकलं तेव्हा तोंड वर उचललं गेलं, आणि मग किल्ली फिरवली. मोजा आत गेला होता. धुराड्यातून त्याच्या गुलाबी चिंध्या बर्फावर पडल्या.

नातीला काहीच कळलं नाही. मोजा गेला म्हणून ती थोडी रडली आणि दुसरा घालून बसमध्ये चढली. मी पायरीवर बसून राहिले.

कुणी बघितलं नव्हतं. न सांगता चाललं असतं. रात्री जेवणानंतर मी मुलाला आणि सुनेला बोलावून सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो काही बोलला नाही. गॅरेजमध्ये गेला, सुतळी कापली, परत येऊन ताटं उचलायला लागला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. सूनबाईने मात्र सांगितलं, "आई, आमच्याकडे बोटं गेलेली माणसं येतात हिवाळ्यात." धुराडं तुंबलं की लोक सरळ हात घालतात. इंजिन बंद केलेलं असलं तरी पट्ट्यात ताण राहिलेला असतो. गोळा सुटला की फिरकी एकदा झटका देते. त्यासाठी यंत्रालाच एक प्लास्टिकची काठी अडकवलेली असते. ती काठी मी नेहमी वापरत होते, त्याचा मला कोण अभिमान! आणि कडीला सुतळी.

शेजारच्या आजोबांनीही असलाच उद्योग केला होता, पण यंत्रावर. त्यांचं टू स्टेज. त्याच्या फिरकीच्या दांड्यात मुद्दाम कच्च्या धातूच्या पिना घातलेल्या असतात. दगड किंवा गोठलेला वर्तमानपत्राचा गठ्ठा अडकला की पिन तुटते आणि आतला महागडा गिअर वाचतो. प्रेशर कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह जसा आधी वितळतो, तसं. आजोबांना सारखी पिन बदलायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी तिथे चांगला पोलादी बोल्ट ठोकला. पुढच्या वेळी बोल्ट तुटला नाही. गिअरबॉक्स फुटला. मी त्यांना हसले नाही.

मी चाळीस वर्षं संसार जुगाडावर केला. फाटलेली चादर मधून कापून कडा जोडल्या, कुकरच्या कानाला लाकूड बसवलं, स्टोव्हचा वॉशर जुन्या चपलेच्या चामड्याचा केला. आपल्याकडे याचं भारी कौतुक. मलाही आहे. पण वॉशर करणं आणि कडी बांधणं यांत फरक आहे, आणि तो मला त्या पहाटेपर्यंत कळत नव्हता. वॉशरने स्टोव्ह पुन्हा त्याचं काम करायला लागला. सुतळीने यंत्राचं एक काम मी बंद पाडलं होतं, केवळ ते काम रोज दिसत नव्हतं म्हणून. आता अंगठा दुखला की मी दहा मिनिटांनी थांबते, हात शेकते, परत जाते. मध्ये कुणी बाहेर येणार असेल तर आधी दिवा दोनदा लावायचा-विझवायचा असं ठरलंय. दिवा दिसला की मी कडी सोडते.

आता चिरंजीवांच्या बाजूनेही एक लिहायला हवं. नवीनच घ्यायचं असेल, आणि पेट्रोलचं हे सगळं लचांड नको असेल, तर हल्ली बॅटरीवरची चांगली यंत्रं आली आहेत. शिळं पेट्रोल नाही, चोक नाही, धूर नाही, पहाटे शेजारी जागे होत नाहीत. रस्त्यावरचा प्लाऊ आपल्या दाराशी जो दगडासारखा ओला बांध टाकून जातो, तिथे ती दमतात असं ऐकते. दमतं तर आमचंही. त्या बांधावर एकदम चाल करायची नाही. अर्ध्या तोंडाने, कडेकडेने, केक कापल्यासारखं घ्यायचं. मैत्रिणीच्या मुलाने बॅटरीचं घेतलंय आणि तो खूश आहे. आमचं यंत्र चालू आहे तोवर मात्र ते टाकून नवीन आणायला माझी संमती नाही. चालत असलेली वस्तू टाकायची म्हटलं की माझ्या पोटात दुखतं. हा मुद्दा वादात टिकत नाही हे मला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात नात म्हणाली, "आज्जी, मला शिकव." आता ती तेरा वर्षांची. तिच्या बाबाने लगेच मान हलवली, नाही म्हणून. मी म्हटलं, चालवायला नाही, उघडायला शिकवते. एप्रिलमध्ये आम्ही दोघींनी गॅरेजबाहेर जुनी चादर अंथरली. वाटी काढली, स्वच्छ निघाली, साका नाही. जेटमधून तिने उजेडाकडे बघितलं आणि ओरडली, "आज्जी, आरपार दिसतंय!" मग तेल बदलताना तिने नवीन बुटांवर सांडलं आणि सूनबाईची बोलणी आम्ही दोघींनी मिळून खाल्ली.

वन्सं, फोटो मागितला होतात. सध्या यंत्र तीच चादर पांघरून कोपऱ्यात आहे. पहिला बर्फ पडला की पाठवते.